कानागाचा अर्थ कुणी सांगितला? डोगोन मुखवट्यांवरचं संशोधन वाचताना

पीएचडीच्या पहिल्या वर्षी मी विभागात एक प्रेझेंटेशन दिलं होतं. विषय माझाच, म्हणजे मोखाडा-जव्हार भागातला बोहाडा आणि त्यातली सोंगं. पण 'जगातल्या मुखवटा-परंपरा' अशी एक स्लाईड असली की बरं दिसतं, म्हणून मी पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातल्या डोगोन लोकांचा कानागा मुखवटा टाकला. चेहऱ्यावर उभी काठी, तिला दोन आडव्या फळ्या, फळ्यांच्या टोकांना छोटे तुकडे. खाली मी लिहिलं होतं, 'कानागा : आम्मा या देवाची विश्वनिर्मितीची मुद्रा. वरचे हात आकाशाकडे, खालचे पृथ्वीकडे.'

गाईड मॅडमनी एवढंच विचारलं, "हे कुणी सांगितलं? कुणाला सांगितलं? आणि कधी?"

मला तिन्हींपैकी एकाचंही उत्तर आलं नाही. मी गप्प बसले. त्या एका स्लाईडने पुढे माझे तीन महिने खाल्ले. पण लिटरेचर रिव्ह्यू म्हणजे काय हे मला त्या तीन महिन्यांत कळलं, त्याआधी नाही. जे आत्ता प्रपोजल लिहिताहेत त्यांच्यासाठी तो सगळा प्रवास इथे मांडते आहे. डोगोन अभ्यास हा यासाठी फार चांगला धडा आहे, कारण एकाच समाजाबद्दल, एकाच मुखवट्याबद्दल, तीन पिढ्यांच्या संशोधकांनी तीन वेगळ्या गोष्टी सांगितल्या आहेत.

आधी नाच, मग अर्थ

वाद समजायचा तर आधी काय घडतं ते माहीत हवं. मालीच्या मध्यभागी बांदियागारा नावाचा कडा आहे, साधारण १५० किलोमीटर लांबीचा. कड्याच्या माथ्यावर, पायथ्याशी आणि खालच्या मैदानात डोगोनांची गावं आहेत. मुख्य पीक बाजरी, आणि सांगा भागात पाण्याच्या जवळ कांदा. १९८९ साली हा प्रदेश युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आला.

मुखवट्यांचा मोठा सोहळा म्हणजे 'दामा'. माणूस गेला की दफन होतं, मग अंत्यविधी होतात, पण दुखवटा तिथे संपत नाही. तो दामाने संपतो. मृताच्या आत्म्याला गावातून निरोप द्यायचा आणि त्याला पूर्वजांत जागा मिळवून द्यायची, हे त्याचं काम. दामाला खर्च मोठा. धान्य लागतं, बाजरीची बिअर लागते, पाहुणे येतात. म्हणून काही वर्षांत गेलेल्या अनेकांचा दामा गाव एकत्र करतं.

नाचणारे सगळे पुरुष, 'आवा' या मुखवट्यांच्या मंडळातले. अंगावर रंगवलेल्या तंतूंचे झगे, त्यात लाल रंग महत्त्वाचा. मुखवटे रानातून गावात येतात, चौकात नाचतात, मृताच्या घराच्या छतावरही जातात. जाणती माणसं त्यांना रोजच्या बोलीत हाक मारत नाहीत, 'सिगी सो' या वेगळ्या विधीभाषेत त्यांची स्तुती करतात, त्यांना जोर चढवतात. कानागावाला कमरेतून वाकून जोरात गोल फिरतो, इतका की डोक्यावरच्या काठीचं टोक जमिनीला घासतं. सिरिगे मुखवट्याची फळी तर चार-पाच मीटरपर्यंत उंच असते, ती तोलत नाचायचं म्हणजे मान, दात, पाठ सगळं पणाला लागतं. वालू म्हणजे हरीण. तिंगेतांगे काठ्यांच्या उंच पायांवर चालतो. शेजारच्या फुलानी पशुपालकांची नक्कल करणारा मुखवटा आहे, गोऱ्या माणसाचीही नक्कल आहे. लोक हसतात. मरणाच्या सोहळ्यात हसतात, हे लक्षात ठेवा. पुढे त्याकडे परत येऊ.

बायकांनी आणि मुलांनी मुखवट्यांपासून लांब राहायचं, असा नियम. पण कथा अशी सांगतात की मुखवट्यांचे ते लाल तंतू पहिल्यांदा एका बाईच्याच हाती लागले, तिने ते घालून लोकांना घाबरवलं, आणि मग पुरुषांनी ते तिच्याकडून घेतले. सातिंबे या मुखवट्याच्या डोक्यावर एक स्त्री उभी असते, ती या आठवणीची. शिवाय 'यासिगिने' म्हणजे मुखवट्यांच्या बहिणी, या काही मोजक्या स्त्रियांना मंडळात जागा असते.

'सिगुई' हा सोहळा याहून वेगळा. तो ६० वर्षांनी एकदा येतो आणि गावोगाव फिरत काही वर्षं चालतो. मरण माणसांत कसं आलं, पहिला पूर्वज कसा गेला, त्याची ती आठवण. त्यासाठी सर्पाकार 'महामुखवटा' नव्याने कोरला जातो, पण नाचणारे चेहऱ्यावर मुखवटा घालत नाहीत, ते ओळीने सापासारखे वळत नाचतात. बऱ्याच लेखांत दामा आणि सिगुई एकच समजून खिचडी केलेली असते. तसं दिसलं की तो लेख बाजूला ठेवायला हरकत नाही.

पहिली पिढी : यादी करणारा ग्रिओल

मार्सेल ग्रिओल डोगोन प्रदेशात पहिल्यांदा आले १९३१ साली, डाकार-जिबुती मोहिमेचे प्रमुख म्हणून. फ्रेंच सरकारचा पाठिंबा, दोन वर्षांचा प्रवास, आणि पॅरिसच्या संग्रहालयासाठी ३,५०० हून अधिक वस्तू. त्या कशा जमवल्या हे मोहिमेचे सचिव मिशेल लेरिस यांनी १९३४ साली छापलेल्या डायरीत लिहून ठेवलं आहे. सांगाला पोहोचण्याच्या काही आठवडे आधी बांबारा गावांमधून 'कोनो' या पूजेच्या वस्तू धाकदपटशाने आणि चोरून उचलल्याचं त्यात आहे. संग्रहालयातल्या वस्तूखाली 'संकलन १९३१' एवढीच पाटी असते. पाटीमागे काय होतं ते कळायला डायरी वाचावी लागते.

ग्रिओल यांचा 'मास्क दोगों' हा ग्रंथ १९३८ चा. जवळपास ९०० पानं. तो त्यांचा डॉक्टरेटचा प्रबंध, म्हणजे आपल्यासारख्यांनी धडकीच घ्यावी! मुखवट्यांचे ७० हून अधिक प्रकार, त्यांची चित्रं, ते कोरण्याची पद्धत, ताल, पावलं, सिगी सो मधले मजकूर. या पुस्तकाची मला खरी किंमत वाटते. त्यात कानागा काय आहे? एक पक्षी. पंख पसरलेला पक्षी. देवाची मुद्रा वगैरे काही नाही.

मर्यादाही इथेच दिसतात. ग्रिओल दुभाष्यांमार्फत काम करत. माहिती देणाऱ्याकडे ते बऱ्याचदा तपास करणाऱ्या न्यायाधीशाच्या नजरेने बघत. समोरचा काहीतरी लपवतो आहे आणि आपण ते काढून घ्यायचं, अशी भूमिका. जेम्स क्लिफर्ड यांनी १९८३ च्या निबंधात ग्रिओल यांच्या पद्धतीचा हा पैलू फार नेमका उलगडला आहे. वसाहतीच्या काळात, गोऱ्या साहेबासमोर बसलेल्या शेतकऱ्याने काय सांगितलं असेल आणि काय गाळलं असेल, हा प्रश्न त्या ९०० पानांच्या प्रत्येक पानाला विचारावा लागतो.

दुसरं वळण : ३३ दिवसांच्या गप्पा

१९४६ च्या ऑक्टोबरमध्ये ओगोतेम्मेली नावाच्या एका अंध, वृद्ध शिकाऱ्याने ग्रिओलना बोलावून घेतलं. ३३ दिवस दोघं बोलत राहिले, मध्ये दुभाषी कोगेम. त्यातून १९४८ साली आलं 'दिय दो', म्हणजे जलदेवता. विश्वाची निर्मिती, नोम्मो, विणकाम, धान्याचं कोठार, माणसाचं शरीर, सगळं एका सूत्रात ओवलेलं. वाचताना भारावून जायला होतं, मीही गेले. पुढे जर्मेन दिएतर्लें यांच्यासोबत केलेल्या कामात ही विश्वकथा आणखी गुंतागुंतीची झाली. १९५० साली दोघांनी व्याध ताऱ्याभोवतीच्या डोगोन कल्पनांवर लेख लिहिला. व्याधाचा डोळ्यांना न दिसणारा जोडतारा डोगोनांना माहीत आहे, असा त्याचा बोलबाला झाला. १९७६ साली रॉबर्ट टेंपल यांनी त्यावर परग्रहवासीयांचं पुस्तकच रचलं. यूट्यूबवर 'डोगोन' टाकलं की आधी हेच येतं.

कानागा देवाची मुद्रा झाला तो याच नंतरच्या लिखाणात. म्हणजे माझ्या स्लाईडवरचं वाक्य चुकीचं होतं असं नाही, त्याला पत्ता नव्हता. १९३८ मध्ये पक्षी, पुढे आम्माची मुद्रा. याचं ग्रिओल-संप्रदायाचं उत्तर ठरलेलं आहे : पक्षी हा बाहेरच्यांना सांगायचा अर्थ, मुद्रा हा दीक्षा मिळालेल्यांचा. ज्ञानाचे थर असतात, वरचा थर आधी मिळतो.

हे उत्तर मोहक आहे. पण संशोधक म्हणून मला त्यात एक अडचण दिसते. या युक्तिवादात संशोधक कधीच हरत नाही. दोन नोंदी जुळल्या तर सिद्धांत खरा, नाही जुळल्या तर दुसरा माणूस खालच्या थरावरचा! ज्या दाव्याला चूक ठरवण्याची वाटच नाही, तो दावा कितीही सुंदर असला तरी त्याच्यावर प्रकरण उभारू नये.

तिसरी पिढी : वान बेक आणि 'सापडलं नाही'

डच मानववंशशास्त्रज्ञ वॉल्टर वान बेक १९७९ पासून तिरेली या गावात काम करत होते. १९९१ साली 'करंट अँथ्रोपॉलॉजी'मध्ये त्यांचा लेख आला आणि खळबळ उडाली. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं : ग्रिओल यांच्या नंतरच्या पुस्तकांतली ती अखंड विश्वकथा डोगोनांमध्ये सापडत नाही. कोल्ह्याकडून भविष्य विचारणं आहे, बळी आहेत, आम्मा आहे, पण सगळ्याला बांधणारं ते एक सूत्र नाही. व्याधाच्या जोडताऱ्याबद्दल ज्यांना काही माहीत होतं त्यांचं तो तारा कोणता यावरच एकमत नव्हतं. एकमत होतं ते एकाच गोष्टीवर : हे आम्हाला ग्रिओलकडून कळलं.

मग ती पुस्तकं आली कुठून? वान बेक यांनी ग्रिओलना खोटारडं म्हटलेलं नाही. ठाम मतांचा संशोधक, वसाहतीची परिस्थिती, हुशार आणि कल्पक माहितीदार, आणि पाहुण्याला नाही म्हणायचं नाही ही रीत, या सगळ्यांच्या देवघेवीतून तो मजकूर तयार झाला, असं ते मांडतात. त्याच अंकात लेखासोबत मेरी डग्लस आणि इतरांच्या प्रतिक्रिया छापल्या आहेत, आणि त्याच वर्षी ग्रिओल यांची कन्या, स्वतः डोगोन भाषेच्या मोठ्या अभ्यासक असलेल्या जेनेव्हिएव्ह कलाम-ग्रिओल, यांनी कडक उत्तर दिलं. मूळ लेख, प्रतिक्रिया आणि उत्तर असा संच एका बैठकीत वाचा. वाद कसा घालावा याचा तो क्लास आहे.

वान बेक वाचून मी पहिल्यांदा त्यांच्याच बाजूने झाले. नंतर दोन गोष्टी खटकल्या.

पहिली : पाहुण्याला 'नाही' म्हणायचं नाही या रीतीमुळे डोगोनांनी ग्रिओलना 'हो' म्हटलं असेल, तर त्याच रीतीने वान बेकना 'आम्हाला ठाऊक नाही' असं म्हटलं नसेल कशावरून? याचं त्यांच्याकडे एक उत्तर आहे, आणि ते मला पटतं. ते फक्त विचारत नव्हते, वर्षानुवर्षं बघत होते. एखादी कथा खरोखर समाजाचा कणा असेल तर ती प्रार्थनेत, शेतात, भांडणात, बळीच्या वेळी कुठेतरी डोकावणारच. तशी ती डोकावत नाही, हा पुरावा नुसत्या मुलाखतीपेक्षा भारी आहे.

दुसरी खटकलेली गोष्ट मात्र अजून सुटलेली नाही. वादाच्या दोन्ही बाजू एकच प्रश्न विचारतात : ओगोतेम्मेली जे बोलला ते 'डोगोनांचं' आहे का? आपल्याकडचं उदाहरण घ्या. ज्ञानेश्वरीतलं तत्त्वज्ञान वारीतला प्रत्येक माणूस उलगडून सांगू शकणार नाही. म्हणून ज्ञानेश्वरी खोटी ठरत नाही. पण तेच तत्त्वज्ञान 'महाराष्ट्रातले शेतकरी असं मानतात' म्हणून कुणी लिहिलं तर आपण हसू. ओगोतेम्मेली हा एक विचार करणारा माणूस होता, स्वतःच्या परंपरेच्या सामग्रीतून काहीतरी नवं रचणारा. ग्रिओलनी त्याला अख्ख्या समाजाचा आवाज केलं. नंतरची चर्चा तो समाजाचा आवाज होता की नव्हता यातच अडकली. दोन्हीकडे तो लेखक म्हणून हरवला. माझ्या मते डोगोन अभ्यासातला हा सगळ्यात मोठा अन्याय आहे.

पुस्तक परत गावात जातं तेव्हा

१९९९ साली आन दोके यांचं डोगोन मुखवट्यांवरचं फ्रेंच पुस्तक आलं. त्यांनी प्रश्नच बदलला. ग्रिओल खरे की खोटे हे विचारण्याऐवजी त्यांनी पाहिलं की ग्रिओलच्या पुस्तकांचं डोगोनांनी पुढे काय केलं. सांगाचे गाईड पर्यटकांना मुखवट्यांचे अर्थ सांगतात ते बरेचसे ग्रंथांतून आलेले. पर्यटकांसाठी दिवसाउजेडी, ठरलेल्या वेळेत नाच होतो. ग्रंथात मोजलेले, नाव दिलेले मुखवटे 'अस्सल' ठरतात, आणि नवीन काही कोरलं की ते 'बिघडलेलं' वाटायला लागतं.

गंमत अशी की १९३८ च्या ग्रंथातच गोऱ्या माणसाचा मुखवटा आहे. म्हणजे परंपरा तेव्हाही नवं आत घेत होती. यादी करणाऱ्याने ती यादी त्या वर्षाची म्हणून लिहिली, वाचणाऱ्यांनी ती कायमची म्हणून वाचली.

दोके वाचून मला माझ्या विषयाची भीती वाटली, खरं सांगते. उद्या मी बोहाड्यातल्या सोंगांचे 'अर्थ' छापले आणि पुढच्या वर्षी कुणी मला तेच सांगितलं, तर ते मी फील्डमधून आणलेलं की फील्डला दिलेलं?

जे या वादात दिसत नाही

दोन रिकाम्या जागा मला अजून सलतात.

एक, बायका. १९३५ साली दनीज पोल्म आणि देबोरा लिफशित्झ या दोन तरुण संशोधक सांगामध्ये महिनोन्‌महिने राहिल्या. पोल्म यांचं डोगोन समाजरचनेवरचं पुस्तक १९४० साली आलं. कुटुंब, लग्न, जमीन, म्हातारी माणसं, असा तो शांत अभ्यास आहे. लिफशित्झ ज्यू होत्या, नाझींनी त्यांना आउश्वित्झला मारलं. 'जलदेवता' सगळ्यांना माहीत असते, पोल्म क्वचितच कुणी उघडतं. मुखवट्यांपासून लांब ठेवलेल्या बायका दामाच्या दिवसात काय करतात, काय ऐकतात, काय जाणून न जाणल्यासारखं दाखवतात, हा प्रश्न मुखवट्यांवरच्या ढीगभर साहित्यात कडेलाच राहिला आहे. गुपित टिकतं ते ज्यांच्यापासून लपवायचं त्यांच्या सहकार्याने, असा माझा अंदाज. पण तो अंदाजच आहे, तो तपासायला कुणीतरी त्यांच्याशी बोललं पाहिजे.

दुसरी, ते हसणं. फुलानी शेजाऱ्याची नक्कल करणारा मुखवटा ग्रिओल यांच्या यादीत एक नोंद म्हणून येतो. शेतकरी आणि पशुपालक यांच्यात चारा, पाणी, जमीन यांवरून कुरबुरी जुन्याच, पण देवघेव आणि थट्टाही जुनीच. २०१२ नंतर मालीत जे पेटलं ते हळूहळू मध्य भागात पोहोचलं. मार्च २०१९ मध्ये ओगोसागू या फुलानी गावात दीडशेहून अधिक माणसं मारली गेली. त्याच वर्षी जूनमध्ये सोबाने दा या डोगोन गावावर हल्ला झाला. पर्यटक तर कधीच थांबले होते. ज्या शेजाऱ्याची चौकात नक्कल करून सगळे हसायचे, त्याची नक्कल आज करता येईल का? मुखवट्याचा अर्थ त्याच्या लाकडात असता तर हा प्रश्नच पडला नसता. तो माणसांमधल्या संबंधात आहे, आणि संबंध तुटले की नाचही बदलतो.

शेवटचा सिगुई १९६७ ला योगो गावातून सुरू झाला आणि १९७३ पर्यंत चालला. जाँ रूश आणि दिएतर्लें यांनी तो वर्षागणिक चित्रित केला. साठ वर्षं मोजली तर पुढचा सिगुई २०२७ ला सुरू व्हायचा. तेव्हा तरुण असलेली माणसं आता म्हातारी आहेत, आणि एका गावातून दुसऱ्या गावी जाण्याचा रस्ता सुरक्षित नाही. मला त्या फिल्म्स पाहताना आधी ग्रिओल आठवायचे. आता आधी तो रस्ता आठवतो.

तुमच्या प्रपोजलसाठी

मॅडमचे ते तीन प्रश्न मी आता प्रत्येक नोंदीच्या कडेला लिहिते : कुणी सांगितलं, कुणाला सांगितलं, कधी. वर अजून दोन जोडले आहेत. एक, दुभाषी कोण होता? कोगेमचं नाव किती लेखांत सापडतं बघा, म्हणजे कळेल मी का विचारते आहे. दोन, हा दावा चुकीचा असेल तर ते मला कशावरून कळेल?

आणि एक साधी सवय लावून घ्या. 'अमुक समाज असं मानतो' हे वाक्य लिहिलं की थांबा, आणि कर्ता बदलून बघा. 'अमुक गावातल्या अमुक माणसाने अमुक साली असं सांगितलं.' वाक्य लांब होतं, ऐट कमी होते, स्लाईडवर मावत नाही. पण व्हायव्हाला कुणी विचारलं तर उत्तर असतं.

माझी ती स्लाईड मी टाकून दिलेली नाही. फोटो तोच आहे. खालचा मजकूर बदलला : 'कानागा. १९३८ च्या नोंदीत पक्षी, नंतरच्या लिखाणात आम्माची मुद्रा. नाचणाऱ्याला काय वाटतं, याची नोंद मला अजून सापडलेली नाही.'